रातपाळी आणि म्हातारपण

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत या वेळी बराच काळ पाण्याच्या पंपावर चर्चा झाली. गच्चीवरची टाकी भरली की पंप बंद करायचा, हे काम रात्रीच्या रखवालदाराकडे आहे. गेल्या तीन महिन्यांत पंप चार वेळा चालूच राहिला, टाकी वाहिली, पाणी वाया गेले आणि विजेचे बिल चढले. त्यामागून इतर तक्रारी निघाल्या. रखवालदाराला सभासदांची नावे आठवत नाहीत. सांगितलेला निरोप राहून जातो. रात्री ठेवायला दिलेली किल्ली कोणाची, हे सकाळी सांगता येत नाही. तक्रारींचा पाढा संपल्यावर एका सभासदाने विचारले, "एवढ्या म्हाताऱ्या माणसाला रातपाळी दिलीच कशाला?" त्यावर व्यवस्थापक समितीतील एका गृहस्थांनी जे उत्तर दिले, ते बहुतेकांना पटले आणि काही जण हसलेही. ते म्हणाले, "म्हाताऱ्यांना झोप तशीही कमीच लागते. तरुण पोरगा ठेवला तर तो घोरत पडेल."

ज्यांच्याविषयी हे बोलणे चालले होते, त्या काकांचे वय सहासष्ट. विशीत ते गिरणीत बदली कामगार होते. १९८२ च्या संपानंतर गिरणीचा दरवाजा त्यांना पुन्हा उघडला नाही. तेव्हापासून कधी गोदामावर, कधी बांधकामावर, कधी एखाद्या वसाहतीच्या फाटकावर त्यांनी रात्री काढल्या. हल्ली त्यांची पाळी रात्री आठ ते सकाळी आठ अशी पुरी बारा तासांची आहे. आठवड्याची सुटी ठेकेदाराच्या कागदावर आहे. दिवसाची झोप पत्र्याच्या खोलीत घ्यायची. बाजूला लोखंडी जाळ्या बनवण्याचे दुकान आणि घरात दोन नातवंडे. म्हणजे ज्याला आपण "झोप कमी लागते" म्हणतो, त्या माणसाला गेली चाळीस वर्षे झोप कमी मिळाली आहे. लागणे आणि मिळणे या दोन क्रियापदांतले अंतर सभेत कोणाच्या लक्षात आले नाही. प्रस्तुत लेखकाच्याही ते तेव्हा लक्षात आले नाही, हे कबूल केले पाहिजे. या लेखाचा विषय ते अंतर हाच आहे.

एक सोयीचा समज

वय वाढते तशी झोप बदलते, यात शंका नाही. प्रौढपणी दर दशकामागे एकूण झोप साधारण दहा मिनिटांनी घटत जाते, असा निष्कर्ष २००४ साली अनेक जुन्या अभ्यासांची एकत्र छाननी करून काढण्यात आला. ही घट तशी किरकोळ आहे. त्याहून मोठा फरक झोपेच्या जातीत पडतो. ज्या गाढ झोपेत मेंदूच्या विद्युतलहरी संथ आणि उंच होतात, ती झोप वयाबरोबर झपाट्याने आटते. झोप पातळ होते, मध्येच मोडते. लघवीला उठावे लागते, गुडघे दुखतात, पहाटे तीनलाच डोळा उघडतो. घरोघरच्या आजी-आजोबांचा हा अनुभव आहे आणि तो खरा आहे.

परंतु झोपण्याची क्षमता घटली म्हणून झोपेची गरजही तेवढीच घटली, असे अनुमान काढता येत नाही. दात पडलेल्या माणसाला कमी चावता येते. म्हणून त्याला अन्न कमी लागते असे आपण म्हणत नाही. आपण त्याला भात मऊ करून वाढतो. अमेरिकेतील राष्ट्रीय निद्रा प्रतिष्ठानाने २०१५ साली तज्ज्ञांकडून शिफारशी तयार करवल्या. त्यांत प्रौढांसाठी सात ते नऊ तास झोप सांगितली आहे आणि पासष्टीनंतर सात ते आठ. एवढाच फरक. पाच तासांची शिफारस कुठेही केलेली नाही.

समितीतील गृहस्थांच्या म्हणण्यात सत्याचा एक अंश आहे, तोही मान्य करू. एका रात्रीच्या जागरणानंतर निरोगी वृद्धाला तरुणाइतकी पेंग येत नाही, असे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. मात्र पेंग न येणे आणि मेंदूचे काम नीट चालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २००३ साली अमेरिकेत काही निरोगी प्रौढांना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिले गेले. अखेरीस त्यांची सावधानता एक-दोन रात्री सलग जागलेल्या माणसाइतकी ढासळली होती. पण त्यांना स्वतःला विचारले, तर "थोडीशी झोप येते आहे" एवढेच ते सांगत होते. अपुऱ्या झोपेचा स्वभावच असा की तिचे नुकसान आधी होते आणि जाणीव मागाहून येते, किंवा येतही नाही. "मला सवय झाली आहे" असे रातपाळीचा कामगार सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला मोजण्याचे साधनच त्याच्यापाशी उरलेले नसते.

रोजकीर्द आणि खतावणी

झोपेचा आणि स्मृतीचा संबंध काय, हे जुन्या पेढीवरच्या हिशेबाच्या पद्धतीने समजून घेणे सोपे जाईल. दिवसभरातला प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरतो. पुढे दिवाणजी निवांतपणे त्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावतात. रोजकीर्द भरली आणि खतावणी झालीच नाही, तर वर्षाअखेरीस कोणाचे किती येणे हे सांगता येत नाही. मेंदूत रोजकीर्दीचे काम हिप्पोकॅम्पस नावाचा खोलवरचा लहानसा भाग करतो. पक्की खाती मेंदूच्या बाह्य पटलात असतात. एकीकडून दुसरीकडे नोंदी नेण्याचे बरेचसे काम गाढ झोपेत चालते.

हे ज्ञान एकाएकी हाती आलेले नाही. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डालेनबाख या दोघांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करायला देऊन पाहिले. पाठांतरानंतर झोपलेल्यांना ते अधिक आठवले, जागे राहिलेल्यांना कमी. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांना उंदरांच्या मेंदूत याचे एक नवल दिसले. मोकळ्या जागेत फिरताना हिप्पोकॅम्पसमधील ज्या पेशी जोडीने चेतल्या होत्या, त्याच पेशी पुढच्या झोपेत पुन्हा जोडीने चेतत होत्या. जणू दिवाणजी पानावर बोट ठेवून नोंदी पुन्हा वाचत होते.

वृद्धत्वाचा दुवा २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी दाखवला. तरुण आणि वृद्ध अशा दोन गटांना शब्दांच्या जोड्या शिकवून रात्री झोपवले. वृद्धांच्या मेंदूच्या पुढल्या भागाची झीज जितकी अधिक, तितक्या झोपेतील संथ लहरी क्षीण. आणि लहरी जितक्या क्षीण, तितके सकाळचे स्मरण कमी. म्हणजे "वय झाले, आता विसरायचेच" या वाक्यात जे एकजीव वाटते, त्यात निदान दोन धागे आहेत. एक मेंदूच्या झिजेचा. त्यावर आज फारसा इलाज नाही. दुसरा झोपेच्या ऱ्हासाचा. यातला काही भाग निसर्गाचा असला, तरी काही भाग माणसाच्या हातचा आहे.

झोपेत मेंदूची सफाई होते, असेही अलीकडे वरचेवर ऐकू येते. २०१३ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथील संशोधकांना झोपलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशींमधली जागा सुमारे साठ टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि स्मृतिभ्रंशाच्या रोगात साठणारे अमिलॉइड नावाचे द्रव्य त्या अवस्थेत लवकर वाहून जाताना दिसले. परंतु २०२४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील प्रयोगांनी याच्या उलट निष्कर्ष दिला. तो वाद शास्त्रज्ञांत चालू आहे. आपला मुद्दा त्या वादावर अवलंबून नाही, म्हणून इथेच तो सोडू.

चाळीस वर्षांचे जागरण

आता खऱ्या प्रश्नाकडे वळू. एका रात्रीचे जागरण दोन दिवसांत भरून निघेल. पण आयुष्यभराच्या रातपाळीचे काय? फ्रान्सच्या दक्षिण भागातील तीन हजारांहून अधिक कामगार आणि माजी कामगार यांचा याच दृष्टीने पाठपुरावा करण्यात आला. १९९६, २००१ आणि २००६ अशा तीन वेळी त्यांची स्मरणशक्ती व विचाराचा वेग तपासला गेला. २०१४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : दहा वर्षांहून अधिक काळ फिरत्या पाळ्यांत काढलेल्या कामगारांची बौद्धिक क्षमता जणू साडेसहा वर्षे अधिक म्हातारी झालेली होती. पाळ्यांचे काम सुटल्यावर ही क्षमता पुन्हा सुधारते. पण त्यासाठी निदान पाच वर्षे जावी लागतात.

या निष्कर्षात दुःख आणि आशा दोन्ही आहेत. आशा ही की गेलेले काही अंशी परत येते. दुःख हे की ते परत येण्यासाठी रातपाळी थांबावी लागते. आमच्या काकांची ती पाच वर्षे कधी सुरू होणार? १९९५ च्या कामगार निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली किमान निवृत्तिवेतन ठरले ते दरमहा १००० रुपये. काकांसारख्या ठेकेदारामागून ठेकेदार बदललेल्या माणसाच्या वाट्याला तेही आलेले नाही, कारण ज्यांच्याकडे त्यांनी काम केले, त्यांतील बहुतेकांनी त्यांच्या नावाचा भविष्यनिर्वाह निधी कधी भरलाच नाही. ज्याला निवृत्ती नाही, त्याला ती पाच वर्षेही नाहीत.

दुसरा अभ्यास लंडनचा. ब्रिटिश सरकारच्या दहा हजारांवर नोकरांची पाहणी १९८५ साली सुरू झाली आणि ती 'व्हाइटहॉल' या नावाने ओळखली जाते. त्यांतील सुमारे आठ हजार लोकांच्या झोपेचा पंचवीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये मांडला गेला. या काळात ५२१ जणांना स्मृतिभ्रंश झाला. पन्नाशीत, साठीत आणि सत्तरीत सातत्याने सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत त्याचे प्रमाण, सात तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे तीस टक्क्यांनी अधिक आढळले. हीच पाहणी आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. सर्वांना पगार, सर्वांना सरकारी वैद्यकीय सेवा. तरीही हुद्दा जितका खालचा तितके आरोग्य वाईट, हे तिने आकड्यांनी दाखवून दिले.

इथे सावधपणे बोलले पाहिजे. कमी झोपणाऱ्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश होत नाही. आठ हजारांत ५२१ हा आकडाच ते सांगतो. रोग उघड होण्याच्या कितीतरी आधी तो झोप बिघडवतो, म्हणून कारण कोणते आणि लक्षण कोणते हे वेगळे काढणे अवघड असते. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे नोंदवली. त्यांत अल्पशिक्षण आहे, बहिरेपण आहे, रक्तदाब आहे, पण झोपेला अजून स्थान दिलेले नाही. तेव्हा आमच्या काकांचा विसर रातपाळीमुळेच आला, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्यांची ऐकण्याची शक्ती, रक्तातील बी-बारा जीवनसत्त्व, थायरॉइड, मनाची उदासी, झोपेत श्वास अडकणे, यांतील काहीही कारण असू शकेल आणि यांतील पुष्कळ गोष्टींवर उपाय आहेत. पण ती तपासणी कोणी करायची? सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग सकाळचा. बारा तासांची पाळी उतरलेला माणूस तेथील रांगेत उभा राहणार, की झोपणार?

गिरणगावची जुनी ओळख

झोप हा कामगारांचा प्रश्न आहे, असे म्हटले की काहींना ती ओढाताण वाटेल. त्यांनी मुंबईचा इतिहास आठवावा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र करून जे मागणीपत्र तयार केले, त्यात रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबर आणखी एक मागणी होती : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. त्या काळी गिरण्यांत दिव्याची सोय नसल्यामुळे उजेड असेतो काम चाले. म्हणजे कामगाराच्या रात्रीचे रक्षण कायदा करीत नव्हता, अंधार करीत होता.

ते रक्षण वीस वर्षांत गेले. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. ओरड इतकी झाली की १९०८ मध्ये सरकारला चौकशी आयोगाचा अहवाल घ्यावा लागला, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. तेथून १९२२ ला अकरा, १९३४ ला दहा आणि १९४६ ला आठवड्याला ४८ तास असा प्रवास झाला. ही शेवटची पायरी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. आंबेडकरांच्या हातून घडली. १९११ मधील बारा तासांपासून तिथवर यायला पस्तीस वर्षे लागली.

आणि बारा तास पुन्हा आले. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामाला जादा मोबदला आहे, कामगाराची संमती घेतली जाईल, असे तेव्हा सांगण्यात आले. आपण साधी बेरीज करू. बारा तास काम. विरार-कल्याणहून किंवा हडपसर-चाकणच्या वाटेवर जाण्यायेण्याचे तीन तास. झाले पंधरा. उरलेल्या नऊ तासांत अंघोळ, जेवण, पाणी भरणे, मुलांकडे पाहणे आणि झोप. कोणती गोष्ट कापली जाईल हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. झोपेला कोणी सावकार नाही, ती तगादा लावीत नाही. म्हणून पहिली कात्री तिच्यावर चालते. आणि तिशीतल्या कामगाराच्या झोपेला लावलेली कात्री साठीत त्याच्या स्मरणशक्तीत दिसू लागली, तर ती कोणाच्या कागदावर नोंदली जाणार?

झोपेतील विषमता

"गरीब माणूस दगडावरही गाढ झोपतो, श्रीमंताला परांच्या गादीवर झोप येत नाही," हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. ऐकायला गोड आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या अभ्यासाने त्यातली गोडी काढून टाकली. शहरातील अल्प उत्पन्नाच्या ४५२ कामगारांच्या मनगटावर यंत्रे बांधून त्यांची झोप मोजण्यात आली. ते रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत, पण प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांचीच आणि तीही पुनःपुन्हा मोडणारी. उकाडा, डास, गोंगाट, रस्त्यावरचा उजेड, एका खोलीत दाटीवाटीने पसरलेली अंथरुणे : कारणे सांगण्याची गरज नाही. डोळ्यांवर पट्ट्या, कानांत बोळे, थोडा मोबदला असे उपाय करून रोजची झोप सुमारे २७ मिनिटांनी वाढवली गेली. तरी कामात सुधारणा दिसली नाही. उलट कामाच्या जागी दुपारी शांत ठिकाणी अर्धा तास आडवे होऊ दिले, तेव्हा काम आणि लक्ष दोन्ही सुधारले. मोडक्या झोपेत थोडी भर घालून भागत नाही, झोप अखंड हवी, असा तर्क यातून निघतो. आणि अखंड झोपेला भिंती लागतात, हवा लागते, शांतता लागते. म्हणजे झोपेचा प्रश्न घराच्या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

गिरणगावच्या चाळीत पाळीप्रमाणे झोपण्याची रीत होती. एक गडी रातपाळीहून आला की दिवसपाळीला निघालेल्याच्या जागेवर तो पथारी टाकी. आज उपनगरांतल्या भाड्याच्या खोल्यांत तीच रीत चालू आहे. फक्त ती गोष्टींत येत नाही.

खेड्यात वेगळी तऱ्हा नाही. कृषिपंपांना वीज आळीपाळीने देण्याच्या पद्धतीमुळे शेतकऱ्याला कित्येक दिवस रात्रीच वीज मिळत आली. मुले पुण्या-मुंबईला गेलेली. म्हणून थंडीच्या रात्री बॅटरी आणि काठी घेऊन गव्हाला पाणी द्यायला जाणारा बापच असतो. त्याचे वय साठीच्या पलीकडे असते. साप, विंचू, बिबट्या यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, झोपेची बातमी होत नाही. दिवसा वीज द्या, या मागणीत माणसाच्या मेंदूचेही संरक्षण आहे, हे मागणी करणाऱ्यांनीही ठासून सांगितले पाहिजे. २०१७ पासून कृषिपंपांसाठी सौरऊर्जेची योजना आली. तिचे मोल युनिटांच्या हिशेबापुरते धरू नये.

बायकांच्या झोपेला तर कोणतीही पाळी ठरलेली नाही. नळाला पाणी पहाटे येते म्हणून ती पहाटे उठते. मुलगा रातपाळीहून येतो म्हणून ती मध्यरात्री उठते. नवरा अंथरुणाला खिळला की ती रात्रभर उठते. आपल्या देशात साठीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ साली एका देशव्यापी पाहणीवरून प्रसिद्ध झाला. पुरुषांहून स्त्रियांत, शहरांहून खेड्यांत आणि शिकलेल्यांहून न शिकलेल्यांत हे प्रमाण अधिक निघाले. याचा सारा दोष झोपेच्या माथी मारणे चूक ठरेल. पण शाळा, पोषण, औषधोपचार आणि विसावा या चारही गोष्टी ज्यांना आयुष्यभर अपुऱ्या मिळाल्या, त्यांच्याच वाट्याला म्हातारपणचा विसर अधिक आला, एवढे तरी या आकड्यांपुढे मान्य करावे लागेल.

मग काय करायचे?

कोणी म्हणेल, रातपाळी बंद करून समाज चालेल काय? रुग्णालये, आगगाड्या, वीजकेंद्रे रात्री बंद ठेवायची? तशी मागणी कोणी करीत नाही. काही कामे रात्री होणारच. प्रश्न त्या रात्रीची वाटणी कशी करायची, हा आहे. आज ती वाटणी गरजेने होते : ज्याला दुसरा पर्याय नाही, त्याच्या गळ्यात रात्र पडते. म्हणून सर्वांत म्हातारा, सर्वांत थकलेला आणि सर्वांत कमी वेतनाचा माणूस आपल्या फाटकावर जागा असतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९० सालीच रात्रीच्या कामासंबंधी १७१ क्रमांकाचा करार केला. रात्रीच्या कामावर नेमण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने कामगाराची आरोग्यतपासणी व्हावी, रात्रीच्या कामास अपात्र ठरलेल्याला शक्य तेथे त्याच प्रकारचे दिवसाचे काम द्यावे, ही त्यातील तत्त्वे आहेत. ती आपल्या रखवालदारांपर्यंत पोचलेली नाहीत. महाराष्ट्राने माथाडी कायद्याच्या (१९६९) धर्तीवर १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला, मंडळे नेमली. मंडळात नोंदलेल्या रक्षकाला त्यामुळे वेतनाची आणि निधीची हमी मिळाली. पण ठेकेदार संस्थांना त्यातून सूट मिळत गेली आणि बहुसंख्य रक्षक त्या कुंपणाबाहेर राहिले. ते कुंपण रुंद करणे हे पहिले काम आहे. रात्रीची पाळी आठ तासांच्या वर नको. सलग रात्रींना मर्यादा हवी. पंचावन्नीनंतर वेतन न घटता दिवसपाळी मागण्याचा हक्क हवा. पाळीत अर्धा तास आडवे होण्याची जागा हवी. चेन्नईचा दाखला डोळ्यांसमोर आहे. आणि या सर्वांच्या मुळाशी, साठीनंतर रात्र विकावी लागू नये एवढे निवृत्तिवेतन हवे. त्याशिवाय वृद्धांना रातपाळीतून सोडवणे म्हणजे त्यांना भाकरीतून सोडवणे ठरेल.

जे आपल्या हातात आहे, तेही थोडके नाही. घरातल्या वृद्धाच्या झोपमोडीला "वय झाले" एवढे उत्तर देऊन थांबू नये. घोरताना श्वास अडकत असेल तर तपासून घ्यावे. औषधाच्या दुकानातून कोणाच्या सांगण्यावरून आणलेली झोपेची गोळी वृद्धाला देऊ नये. तिने पाय लटपटतात, हाडे मोडतात, बुद्धी गोंधळते, आणि मग त्या गोंधळालाच आपण म्हातारचळ म्हणतो. सकाळचे ऊन, थोडे चालणे, दुपारची लहानशी डुलकी आणि रात्री शांत खोली, ही औषधे स्वस्त आहेत. मात्र ज्याच्या घरी खोली आहे, त्यालाच ती स्वस्त आहेत, हेही विसरू नये.

राहता राहिली आमची सभा. रखवालदाराची रात्र दोघांत विभागावी, काकांना दिवसाचे आठ तास द्यावेत, त्यासाठी दरमहा प्रत्येक घरामागे पडेल ती वर्गणी वाढवावी, अशी सूचना दोघातिघांनी मांडली. वर्गणीचा शब्द निघताच सभेचे लक्ष घड्याळाकडे गेले. शेवटी पंपाला आपोआप बंद होणारे बटण बसवण्याचा ठराव एकमताने संमत झाला. ते बसले आहे आणि नीट चालते आहे. काकांची पाळी मात्र अजून रात्री आठ ते सकाळी आठच आहे. ती सूचना आम्ही पुढच्या सभेपुढे पुन्हा ठेवणार आहोत, आणि त्या वेळी वर्गणीचा आकडा लेखी घेऊन जाणार आहोत. आपापल्या वसाहतीत वाचकांनीही तसे करून पाहावे.